बीज म्हणजे बुद्धी : भास्कराचार्यांचे जीवन आणि चिन्हांचा अर्थ

समीकरण, वर्ग, घन, धन, ऋण, शून्य, बीजगणित हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी सहावी-सातवीपासून रुळतात. ज्या महापुरुषाच्या ग्रंथांमुळे हे शब्द भारतभर स्थिरावले, त्याची स्मृती आपल्या महाराष्ट्राच्या मातीत एका शिलालेखाच्या रूपाने आजही उभी आहे. बाराव्या शतकातील थोर गणिती व ज्योतिर्विद भास्कराचार्य हे ते नाव. सातव्या शतकात भास्कर नावाचे आणखी एक गणिती होऊन गेले, म्हणून अभ्यासक यांना द्वितीय भास्कर म्हणतात. सर्वसामान्यांना मात्र ते लीलावतीकार म्हणूनच ठाऊक आहेत.

स्मरणिकेच्या या अंकात त्यांचे चरित्र मांडण्यास एक विशेष कारण आहे. गणित आणि रसायन या दोन विषयांत आपल्या मुलांची खरी अडचण उत्तर काढण्याची नसते, ती अर्थाची असते. विद्यार्थी अक्षर एका बाजूला नेतो, अंक दुसऱ्या बाजूला नेतो, चिन्ह बदलतो आणि उत्तराखाली दोन रेघा मारतो. परंतु ते अक्षर कशाचे होते, असे विचारले की तो गप्प होतो. रासायनिक समीकरण संतुलित करणाऱ्या मुलाला पुढचा मोठा आकडा आणि मागचा लहान आकडा यांत भेद काय, हे सांगता येत नाही. अर्थ सुटला की विषय ओझे होतो, आणि अनेक मुलांचे शास्त्रशाखेशी असलेले नाते याच ठिकाणी तुटते. साडेआठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी ही अडचण ओळखली होती. त्यांच्या ग्रंथरचनेचा मोठा भाग तिच्यावरील उपाय आहे.

कुल, जन्म आणि ग्रंथ

आपल्या जन्माविषयीची माहिती भास्कराचार्यांनी स्वतःच गोलाध्यायात नोंदवून ठेवली आहे. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले, विद्वानांनी गजबजलेले विज्जडविड हे आपले नगर, असे ते सांगतात. हे नगर नेमके कोणते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तथापि चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख सापडल्यामुळे खानदेशाशी या कुळाचा संबंध निश्चित झाला आहे.

त्यांचे वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. पाटणच्या लेखात या घराण्याच्या अनेक पिढ्यांची नावे कोरलेली आहेत. त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत ही परंपरा येते आणि भास्कराचार्यांच्या पुढे पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव यांच्यापर्यंत जाते. देवगिरीच्या यादव राजांनी लक्ष्मीधराला आपल्या पंडितसभेत मानाचे स्थान दिले, तर चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी झाला.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग अंकगणित व भूमितीचा, दुसरा अव्यक्त राशींचा, तिसरा व चौथा ग्रहगती आणि खगोलाचा. यातील खगोलविषयक भागांवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली. नियम सांगून ते थांबत नाहीत, नियम का खरा आहे याची उपपत्तीही देतात. पुढे वयाच्या ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगगणनेस उपयोगी असा सुटसुटीत ग्रंथ रचला. उतारवयातही अवघड विषय सोपा करून सांगण्याची त्यांची ओढ कमी झाली नव्हती.

आकड्याला अर्थ कोण देतो

भास्कराचार्यांच्या मागे भारतीय अंकविद्येची दीर्घ परंपरा उभी होती. आकड्याचा अर्थ त्याच्या आकारात नसून त्याच्या जागेत असतो, हा विचार त्या परंपरेचा पाया. या विचाराचा एक जुना आणि सुंदर दाखला बौद्ध वाङ्मयात आढळतो. आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात, भूत, वर्तमान आणि भविष्य यांचे विवेचन करताना, आचार्य वसुमित्रांचे मत मांडताना मोजणीच्या सोंगटीचा दृष्टांत येतो. तीच सोंगटी एककाच्या जागी ठेवली तर एक म्हणवते, शतकाच्या जागी ठेवली तर शंभर आणि सहस्राच्या जागी ठेवली तर हजार. सोंगटी बदलत नाही, स्थान बदलते, आणि स्थानासरशी अर्थ बदलतो. दृष्टांत समजण्यासाठी श्रोत्यांना स्थानमूल्याची कल्पना परिचयाची असणे आवश्यक होते. त्या काळी ती किती रुळलेली होती, हे यावरून ध्यानात येते.

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्य, धन आणि ऋण यांचे नियम व्यवस्थित सांगितले. भास्कराचार्यांनी हा वारसा घेतला, त्याला शिस्त लावली आणि विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगे रूप दिले. लीलावतीतील उदाहरणे भुंग्यांची, मोरांची, हंसांची, कमळांची, मोडलेल्या वेळूंची आहेत. एका उदाहरणात भुंग्यांचा थवा आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ एवढे भुंगे मालतीकडे गेले, सगळ्या थव्याचा आठ-नवमांश भाग दुसरीकडे गेला, आणि राहिले एक जोडपे : कमळात अडकलेला भुंगा व त्याच्यासाठी बाहेर गुणगुणणारी भुंगी. थवा ७२ चा निघतो, कारण ३६ चे वर्गमूळ ६, ७२ चा आठ-नवमांश ६४, आणि राहिलेले २. अशा उदाहरणात आकडा निव्वळ आकडा राहत नाही, तो कशाचा आहे हे विसरताच येत नाही.

लीलावती ही आचार्यांची कन्या होती, घटिकापात्रात मोती पडल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती आख्यायिका आहे. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती प्रसिद्ध झाली. ग्रंथात मात्र आचार्य ठिकठिकाणी एका बालिकेला, सखीला, मित्राला प्रश्न विचारतात, हे खरेच आहे. शिकणाऱ्याशी प्रेमाने बोलणारा शिक्षक त्या श्लोकांतून दिसतो.

यावत्तावत् आणि रंगांची अक्षरे

बीजगणितात भास्कराचार्यांनी अज्ञात राशीसाठी यावत्तावत् हा शब्द वापरला. त्याचा अर्थ जितके असेल तितके. अज्ञात राशी एकाहून अधिक असतील तर पुढच्या राशींना त्यांनी रंगांची नावे दिली : काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना शब्दाचे आद्याक्षर घ्यायचे : या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला रूप म्हणायचे आणि तिच्यासाठी रू लिहायचे. वर्गासाठी व, घनासाठी घ. ऋण राशीच्या माथ्यावर एक टिंब द्यायचे. बरोबरीचे चिन्ह तेव्हा नव्हते. युरोपातही ते रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५७ च्या पुस्तकात प्रथम आले. आचार्य दोन बाजू एकीखाली एक मांडत, आणि दोन्ही सारख्या आहेत असे समजायचे.

त्यांचे एक उदाहरण पाहू. एका माणसाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे, तर घोड्याची किंमत किती? वरच्या ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००, आणि या शेवटच्या १०० वर टिंब. वरून ६ आणि खालून ६ या काढले की खाली ४ या उरतात. खालच्या बाजूचे १०० चे कर्ज फेडण्यासाठी दोन्ही बाजूंत १०० मिळवले की वर ४०० होतात. म्हणून एक या म्हणजे १००. घोडा १०० रुपयांचा, आणि दोघांचीही संपत्ती ९०० रुपयांची.

या छोट्या उदाहरणात आपल्या विद्यार्थ्यांच्या तीन नेहमीच्या चुकांचे उत्तर आहे. पहिली चूक अक्षराची. या हे अक्षर घोड्याचे नाव नाही, ती घोड्याची किंमत आहे. अक्षर वस्तूसाठी नसते, वस्तूच्या मापासाठी असते. आंबे, पेन, घोडे यांना अक्षरे देऊन बीजगणित शिकलेले मूल पुढे गोंधळते, ते यामुळेच. दुसरी चूक अक्षराजवळच्या अंकाची. ६ हा येथे किमतीचा पट आहे, म्हणून त्याला आपण सहगुणक म्हणतो. तिसरी चूक ऋण चिन्हाची. आपल्या भाषेत धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. ऋण १०० म्हणजे शून्याहूनही लहान अशी काही गूढ वस्तू नव्हे, ते फेडावयाचे शंभर रुपये आहेत. कर्ज फिटले म्हणजे माणूस तेवढ्याने श्रीमंत होतो, हे ज्याने घरी पाहिले आहे त्याला ऋणातून ऋण वजा करण्याचा नियम पाठ करावा लागत नाही.

याच ग्रंथात आचार्यांनी आपल्या शास्त्राचे मर्म सांगितले आहे. त्यांच्या मते बीज म्हणजे बुद्धीच होय. विविध वर्ण हे तिचे केवळ साहाय्यक आहेत, आणि ज्यांना विषय चटकन उमगत नाही त्यांना समजावण्यासाठी पूर्वसूरींनी ते योजले. गणितातील चिन्हांकडे पाहण्याची याहून निरोगी दृष्टी दुसरी नाही. चिन्हे हुशार मुलांचा मक्ता म्हणून निर्माण झाली नाहीत, ती सर्वांच्या हाताला आधार म्हणून निर्माण झाली.

अशा चिन्हांच्या बळावर त्यांनी केवढी झेप घेतली, याचे एक उदाहरण पुरे. ज्याच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग येतो, असा पूर्णांक कोणता? पूर्वीच्या गणितींकडून आलेल्या चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्यांनी उत्तर दिले : २२६१५३९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १७६६३१९०४९. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने हाच प्रश्न युरोपीय गणितींपुढे आव्हान म्हणून टाकला.

शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी खहर म्हटले आणि तिला अनंत मानले. तीत काही मिळवले वा तीतून काही काढले तरी तिच्यात बदल होत नाही, असे त्यांनी सांगितले. शून्याने भागणे आजचे गणित ग्राह्य धरत नाही, आणि खहराला पुन्हा शून्याने गुणून मूळ राशी परत मिळवण्याची त्यांची रीतही आज स्वीकारली जात नाही. यामुळे त्यांची थोरवी उणावत नाही. ज्यांनी उपपत्तीवाचून नियम स्वीकारू नये असे शिकवले, त्यांचाही नियम पुढच्या पिढ्यांनी तपासून पाहिला, हा त्यांच्याच शिकवणीचा विजय आहे.

रसायनाच्या समीकरणात तीच रीत

वस्तूच्या नावाचे आद्याक्षर घेऊन चिन्ह बनवण्याची हीच युक्ती १८१३-१४ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसने रसायनशास्त्रात आणली. मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे पहिले अक्षर, आणि गरज पडल्यास आणखी एक. सोडियमचे चिन्ह एनए का, तर लॅटिनमध्ये त्याला नॅट्रियम म्हणतात. लोखंडाचे एफई, कारण फेरम. कारण कळले की पाठांतराचा निम्मा भार उतरतो.

पाणी तयार होण्याचे समीकरण घेऊ. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात : २ एच२ + ओ२ → २ एच२ओ. पुढचा मोठा २ रेणूंची संख्या सांगतो, तो भास्कराचार्यांच्या या जवळील ६ सारखाच पट आहे. एचच्या मागचा लहान २ रेणूच्या आतील अणू मोजतो आणि त्याला हात लावता येत नाही. समीकरण जुळवण्यासाठी कोणी पाण्यातील ओच्या मागे २ लिहिला, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. पुढचा आकडा बदलला तर प्रमाण बदलते, मागचा बदलला तर पदार्थच बदलतो. वसुमित्रांच्या सोंगटीप्रमाणे येथेही स्थानच अर्थ ठरवते.

डावीकडे तीन रेणू आणि उजवीकडे दोनच, मग समानता कसली? समानता अणूंची आहे : दोन्ही बाजूंना हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचे दोन. म्हणूनच वजनही जुळते. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ३६ ग्रॅम पाणी होते. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. बीजगणितात दोन्ही बाजू एकच संख्या असतात, रसायनात दोन्ही बाजू एकच पदार्थ नसतात. तेच अणू नव्या मांडणीत येतात, म्हणून तेथे बाण असतो.

इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात हा विषय वहीपुरता नाही. शेळगावच्या परिसरातील पालकांच्या घरी खताचे पोते येते आणि त्यावर आकडे असतात. डीएपीच्या पोत्यावरील १८:४६:० म्हणजे शंभर किलोत १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद आणि पालाश मुळीच नाही. ५० किलोच्या पोत्यात म्हणून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. हे २३ किलोही शुद्ध फॉस्फरस नव्हे. ते पी२ओ५ या रूपात मोजलेले असते. पी२ओ५ च्या १४२ भागांत फॉस्फरस ६२ भाग, म्हणून प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे १० किलो. ज्या मुलाला मागच्या लहान आकड्याचा अर्थ कळला, ते आपल्या वडिलांना हा हिशेब समजावून सांगू शकते, आणि दोन वेगळ्या खतांच्या किमतींची तुलनाही करून देऊ शकते.

पाटणचा मठ

आचार्यांच्या पश्चात त्यांचा नातू चांगदेव याने पाटण येथे मठ स्थापन केला. भास्कराचार्य आणि त्यांच्या घराण्यातील इतर विद्वानांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत, हा त्याचा हेतू. इ. स. १२०७ च्या सुमारास निकुंभ घराण्यातील सोइदेवाने या मठाला दान दिले. ते नोंदवणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. लेखाचा बहुतांश भाग संस्कृतात असला तरी शेवटी दानाचा तपशील येतो तो लोकांच्या मराठीत. गावच्या बाजारातील विक्रीवर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिलेले आहे. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, आणि मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा. गणित शिकणाऱ्यांच्या दिव्यातले तेल तेल्याच्या घाण्यातून येत होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. ते ज्ञान संस्कृतात होते, आणि त्या काळच्या समाजरचनेत ते शिकण्याची दारे मोजक्यांनाच उघडी होती. ज्या तेल्याच्या घाण्यातून पळी जात होती आणि ज्या कुणब्याचे धान्य मापले जात होते, त्यांच्या मुलामुलींना लीलावतीचे श्लोक कोणी शिकवले नाहीत. गावकुसाबाहेरच्यांची तर गोष्टच वेगळी. विद्येची ही दारे उघडण्यासाठी महाराष्ट्राला पुढे सहाशेहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणसंस्था आणि वसतिगृहांच्या मार्गाने ते काम विस्तारले.

दरम्यान आचार्यांचे ग्रंथ प्रवास करीत राहिले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून तिच्या नियमांच्या उपपत्ती दिल्या. शाहजहानच्या काळात बीजगणिताचे फारसी भाषांतर झाले आणि १८१७ मध्ये कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर लंडनहून प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये भारताने अवकाशात पाठवलेल्या एका उपग्रहाला भास्कर-२ हे नाव होते. त्या नावात सातव्या शतकातील आणि बाराव्या शतकातील अशा दोन्ही भास्करांचे स्मरण आहे.

आज निवासी शाळेत राहून शिकणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या, शेतमजुराच्या, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या लेकरापुढे तेच बीजगणित मराठीत उघडे आहे. ते त्याला केवळ गुणांसाठी पाठ करायला लावणे म्हणजे उघडलेले दार पुन्हा अर्धे लोटून घेणे होय. मुलाने घरी गणित सोडवले की पालकांनी उत्तर बरोबर आहे का, एवढेच विचारू नये. हे अक्षर कशाचे, हा आकडा कशाचा, बरोबरी कशाची, हे तीन प्रश्न विचारावेत. ते विचारण्यासाठी पालकाला स्वतः गणित यावे लागत नाही. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत आल्यावर धाकट्यांना हेच विचारावे. ज्या मुलाला या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत देता येतील, त्याच्याजवळ भास्कराचार्य ज्याला बीज म्हणत ते आहे, आणि ते कोणत्याही परीक्षेच्या पुढे टिकणारे आहे.